सरासरीमागे दडलेला श्वास

दर उन्हाळ्यात आपल्या हॉस्टेलवर एक ठरलेलं भांडण होतं. वरच्या मजल्यावरची मुलं रिकाम्या बादल्या घेऊन रेक्टर सरांकडे जातात, "सर, पाणी नाही." सर पंपावरच्या मामांना बोलावतात. मामा छातीवर हात ठेवून सांगतात, "पाणी पूर्ण सोडलंय साहेब, मीटर बघा पाहिजे तर." गंमत म्हणजे दोघंही खरं बोलत असतात. टाकीतून पाणी गेलेलं असतं आणि तरीही डाव्या विंगच्या शेवटच्या नळाला थेंब नसतो, कारण मधला कुठलातरी पाइप क्षार साचून बुजलेला असतो. टाकीवरचं मीटर एकूण किती पाणी गेलं ते सांगतं. कुठे पोचलं नाही, ते सांगत नाही.

हा लेख पाण्याबद्दल नाही, श्वासाबद्दल आहे. थर्ड इयरच्या सेमिनारसाठी सगळ्यांसारखा मीही सोलर नाहीतर रोबोटिक्स घेणार होतो. लायब्ररीत विषय शोधता शोधता फुप्फुसांच्या चित्रांवरचा एक पेपर हातात पडला. चित्रातली फुप्फुसं अख्खी नव्हती. मधेमधे काळे तुकडे, जणू किड्यांनी खाल्लेलं पान. आणि लिहिलेलं होतं की या मुलांची श्वासाची नेहमीची चाचणी नॉर्मल आहे! मला आधी छपाईची चूक वाटली. चूक नव्हती. मग त्या विषयाने मला सोडलंच नाही. त्यातून माझं जे मत बनलं ते आधीच सांगून टाकतो : छातीसारखी गोष्ट एका आकड्यात मोजून थांबणं हा त्या मुलांवर अन्याय आहे, आणि तो दूर करणं हे फक्त डॉक्टरांचं काम नाही, आपलंही आहे.

आजाराचं नाव सिस्टिक फायब्रोसिस. हा जन्मजात आजार आहे, आई आणि वडील अशा दोघांकडूनही बिघडलेलं जनुक आलं तरच होणारा. न्यूयॉर्कच्या डॉ. डोरोथी अँडरसन यांनी १९३८ मध्ये त्याचं पहिलं सविस्तर वर्णन केलं, आणि जनुक सापडायला १९८९ साल उजाडलं. सातव्या गुणसूत्रावरचं हे जनुक पेशीच्या आवरणात क्लोराइडसाठी एक दार बनवतं. ते दार बिघडलं की शरीराचा मीठ-पाण्याचा हिशेब चुकतो. घाम जास्त खारट होतो. बाळाचा पापा घेतला की खारट लागतं, हे कितीतरी वेळा डॉक्टरांच्या आधी आयांच्या लक्षात आलेलं असतं. स्वादुपिंडाच्या नळ्या तुंबून अन्न पचत नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे फुप्फुसातला कफ डिंकासारखा चिकट होतो. तो वर ढकलला जात नाही, त्यात जंतू घर करतात, सूज येते, आणि हे चक्र वर्षानुवर्षं चालून नळ्या कायमच्या खराब होतात. गेलेली नळी परत येत नाही. म्हणूनच 'कधी कळलं' याला इथे फार महत्त्व आहे.

आता हे कळतं कसं? वर्षानुवर्षं डॉक्टरांचा भरवसा स्पायरोमीटरवर. इंग्लंडच्या जॉन हचिन्सन यांनी १८४६ मध्ये हे यंत्र मांडलं, आणि मूळ कल्पना आजही तीच आहे. छातीत मावेल तेवढी हवा भरून घ्यायची आणि नळीत जीव खाऊन फुंकायचं. पहिल्या एका सेकंदात किती लिटर हवा बाहेर आली, तो आकडा म्हणजे एफईव्ही-वन. स्वस्त, सोपी, कुठेही करता येणारी चाचणी. मी तिला नावं ठेवत नाही. पण तिची मर्यादा कळायला फर्स्ट इयरचं बेसिक इलेक्ट्रिकल पुरतं.

मुख्य श्वासनलिका एक. तिच्या दोन, दोनाच्या चार, असे वीसहून जास्त वेळा फाटे फुटत जातात. शेवटच्या बारीक नळ्या हजारोंनी असतात आणि त्या सगळ्या पॅरललमध्ये. हजार रेझिस्टर पॅरललमध्ये जोडलेत आणि त्यातले शंभर तोडले, तर एकूण रेझिस्टन्स कितीसा बदलेल? त्यात वरच्या मोठ्या नळ्यांचा रेझिस्टन्स सीरीजमध्ये असेल आणि तो या सगळ्यांपेक्षा कितीतरी मोठा असेल, तर मीटरचा काटा हलला तरी आपल्याला कळणार नाही. अमेरिकेतले शरीरक्रियाशास्त्रज्ञ जेरी मीड यांनी १९७० मध्ये या बारीक नळ्यांना फुप्फुसाचा 'शांत प्रदेश' असं नाव दिलं. बिघाड होतो, पण बोंब होत नाही. आणि सिस्टिक फायब्रोसिस पहिला घाव घालतो तो नेमका याच प्रदेशात.

आपल्या भाषेत सांगायचं तर एफईव्ही-वन म्हणजे अ‍ॅग्रिगेट. अडुसष्ट टक्के म्हणून घरच्यांना खूश करता येतं, पण एम-थ्रीला केटी लागलीय हे मार्कशीटची ओळन्‌ओळ वाचल्याशिवाय कळत नाही. शिवाय पाच-सहा वर्षांपेक्षा लहान पोराला 'जोरात फुंक बाळा' म्हणून धड फुंकायला लावणंच कठीण, म्हणजे ज्या वयात पकडायला हवं त्या वयात मार्कशीटच नाही. लंग क्लिअरन्स इंडेक्स नावाची आणखी एक चाचणी आहे. त्यात शांतपणे श्वास घेत राहायचं आणि फुप्फुसातला एक वायू धुऊन निघायला फुप्फुसाच्या किती पट हवा आत-बाहेर करावी लागते ते मोजायचं. ती एफईव्ही-वनपेक्षा बरीच हुशार आहे, हवा असमान पोचतेय हे लवकर पकडते. पण शेवटी तोही एक आकडाच. कुठला नळ कोरडा आहे ते तीही सांगत नाही.

मग फोटो काढा की! इतकं सोपं असतं तर प्रश्नच नव्हता. सीटी स्कॅन नळीची भिंत जाड झाली, नळी फुगली हे सुरेख दाखवतो. पण तो मुख्यतः रचना दाखवतो, हवेची ये-जा नाही. आणि ज्या मुलाच्या आयुष्यभर तपासण्या होणार आहेत त्याला क्ष-किरण देताना दर वेळी विचार करावा लागतो. एमआरआयला क्ष-किरण लागत नाहीत, पण त्याची पंचाईत वेगळी. तो बघतो मुख्यतः पाण्यातल्या हायड्रोजनकडे, आणि फुप्फुसात बहुतेक हवाच. त्यामुळे मेंदू, गुडघा, पाठीचा कणा लख्ख दाखवणारा एमआरआय छातीत आला की दोन काळी भगदाडं दाखवतो.

यावरची पहिली युक्ती भौतिकशास्त्रज्ञांची. फुप्फुस दिसत नाही ना, मग आत जाणारा वायूच चमकवू! झेनॉन-१२९ या वायूच्या अणुकेंद्रांना स्पिन असतो. एमआरआयच्या दीड टेस्लाच्या प्रचंड चुंबकातसुद्धा अणुकेंद्रांची एका दिशेला होणारी सरशी नगण्य असते. हायड्रोजनच्या बाबतीत ती दहा लाखांत पाचच्या आसपास. पाण्यात अणूच इतके दाटीने असतात की तेवढंही पुरतं. विरळ वायूत नाही पुरत. म्हणून आधी रुबिडियमच्या वाफेवर ७९५ नॅनोमीटरचा लेसर सोडतात. रुबिडियमचे इलेक्ट्रॉन एका दिशेला वळतात, आणि झेनॉनशी टक्कर होताना ती दिशा त्याच्या अणुकेंद्रांना देऊन टाकतात. असं करत सरशी काही टक्क्यांवर, चांगल्या यंत्रात त्याहूनही बरीच वर जाते. म्हणजे सिग्नल दहा हजार पटींहून जास्त! प्रिन्स्टन आणि स्टोनी ब्रूकच्या शास्त्रज्ञांनी १९९४ मध्ये 'नेचर'मध्ये उंदराच्या फुप्फुसाचं असं पहिलं चित्र छापलं. आज पेशंट पिशवीतून हा वायू ओढतो, दहा-पंधरा सेकंद श्वास रोखतो, आणि चित्र तयार. वायू पोचला तिथे उजेड, नाही पोचला तिथे अंधार. अंधाराचे शेकडा प्रमाण काढलं की आकडाही मिळतो, पण आता तो आकडा नकाशासकट येतो.

इंग्लंडच्या शेफिल्डमधल्या गटाने २०१७ मध्ये सहा ते सोळा वर्षांच्या एकोणीस मुलांवरचं काम प्रसिद्ध केलं. सगळ्यांची स्पायरोमेट्री नॉर्मल मर्यादेत. तरीही अनेकांच्या चित्रांत हवा न पोचलेल्या जागा होत्या. त्याच वर्षी अमेरिकेतून दुसरं काम आलं. आयव्हाकॅफ्टर हे ते बिघडलेलं दार उघडणारं औषध सुरू केल्यावर काळे भाग कमी झाले, आणि थांबवल्यावर पुन्हा वाढले. विचार करा, औषध काम करतंय की नाही हे डोळ्यांनी दिसलं, आणि तेही छातीच्या कुठल्या कोपऱ्यात ते.

झेनॉनच्या आधी बहुतेक काम हेलियम-३ या वायूवर होत होतं, त्याची कथा इंजिनीअर लोकांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. हेलियम-३ मिळतो ट्रिटियमच्या क्षयातून, आणि ट्रिटियम बनवलं जायचं अणुबाँबसाठी. म्हणजे पोरांच्या छातीची तपासणी बाँबच्या कारखान्याच्या उरलेल्या मालावर अवलंबून! २००१ च्या हल्ल्यानंतर अमेरिकेने बंदरांवर आणि सीमांवर न्यूट्रॉन डिटेक्टर बसवायला घेतले, त्यांनाही हेलियम-३ च लागायचा. २००९ च्या सुमारास साठा आटला आणि संशोधकांना झेनॉनकडे वळावं लागलं. तंत्र कितीही सुंदर असलं, तरी कच्चा माल कुणाच्या हातात आहे हे विचारायला विसरू नये.

झेनॉनला अमेरिकेच्या एफडीएने डिसेंबर २०२२ मध्ये बारा वर्षांवरच्या पेशंटसाठी मान्यता दिली. आनंदच आहे. पण त्यासाठी लेसरचं महागडं यंत्र हवं, खास वायू हवा, आणि झेनॉनची फ्रीक्वेन्सी ऐकू शकणारा एमआरआय हवा. दीड टेस्लाला हायड्रोजन सुमारे चौसष्ट मेगाहर्ट्‌झवर बोलतो आणि झेनॉन सतरा-अठरावर. नेहमीचं मशीन ते ऐकतच नाही. आपल्याकडे जिल्ह्याच्या ठिकाणी साधा एमआरआय मिळाला तरी नशीब, तिथे हे कधी पोचणार?

मला खरी भुरळ पडली ती दुसऱ्या युक्तीची, कारण तिथे यंत्र नेहमीचंच असतं, बदलतं फक्त गणित. जर्मनीत हायडलबर्गच्या गटाने २००९ मध्ये ती मांडली, नाव फूरिए डिकम्पोझिशन. हो, तोच फूरिए, ज्याच्यामुळे अर्धी विंग एम-थ्रीत आडवी झालीय! कल्पना अशी : आपण श्वास घेतला की फुप्फुस फुगतं, ऊतक विरळ होतं, एमआरआयमधला उजेड थोडा कमी होतो. श्वास सोडला की वाढतो. हृदयाच्या प्रत्येक ठोक्यासोबत येणाऱ्या रक्तामुळेही उजेड किंचित बदलतो. श्वास मिनिटाला पंधरा म्हणजे पाव हर्ट्‌झ, ठोके सत्तर-पंचाहत्तर म्हणजे सव्वा हर्ट्‌झच्या आसपास. पेशंटला शांतपणे पडून नेहमीसारखा श्वास घेऊ द्या, सेकंदाला तीनेक चित्रं काढा. नायक्विस्ट साहेब समाधानी. मग सॉफ्टवेअरने सगळी चित्रं एकमेकांवर नीट बसवा, म्हणजे इमेज रजिस्ट्रेशन, आणि प्रत्येक पिक्सेलच्या उजेडाचा फूरिए ट्रान्सफॉर्म घ्या. दोन शिखरं मिळतात. पाव हर्ट्‌झचं शिखर म्हणजे हवा, सव्वा हर्ट्‌झचं म्हणजे रक्त. एका तपासणीत दोन नकाशे! वायू नाही, इंजेक्शन नाही, क्ष-किरण नाही, जीव खाऊन फुंकणं नाही. हॅनोव्हरच्या संशोधकांनी २०१८ मध्ये यात आणखी सुधारणा केली. चित्रं श्वासाच्या टप्प्यांप्रमाणे लावून त्यांनी पूर्ण श्वासाचं एक आवर्तनच तयार केलं, म्हणजे हवा पोचते का एवढंच नाही, उशिरा पोचते का हेही कळतं.

परीक्षेत आपण फूरिए ट्रान्सफॉर्म कशासाठी शिकतो? खरं सांगायचं तर, सात मार्कांसाठी. कुणी वर्गात एकदा जरी सांगितलं असतं की याच इंटिग्रलमधून एखाद्या पोराच्या छातीतली बंद पडलेली नळी दिसते, तर निदान मी तरी ते अपेक्षित प्रश्नसंचातून पाठ केलं नसतं. ही तक्रार सरांवर नाही, आपल्या सगळ्यांच्या सवयीवर आहे.

तिसरी युक्ती मेकॅनिकलवाल्यांची, हे ऐकून आपल्या मेकवाल्यांनी कॉलर ताठ करायला हरकत नाही. फ्लुइड मेकॅनिक्समध्ये प्रवाहात बारीक कण सोडून, लागोपाठ फोटो काढून प्रवाहाचा वेग मोजतात, तिला पार्टिकल इमेज व्हेलॉसिमेट्री म्हणतात. ऑस्ट्रेलियात मोनॅश विद्यापीठात काम करणारे इंजिनीअर अँड्रियास फौरस यांनी विचार केला की क्ष-किरणांत फुप्फुसाचं ऊतक तसंही ठिपक्याठिपक्यांचं दिसतं, मग ते ठिपकेच कण का मानू नयेत? वेगवेगळ्या कोनांतून श्वासाची छोटी क्ष-किरण फिल्म घ्यायची, ठिपके कुठे किती हलले ते मोजायचं, की फुप्फुसाचा कुठला भाग किती फुगतो ते मिळतं. जो भाग हलत नाही तिथे हवा जात नाही. आधी उंदरांवर काम झालं, मग कंपनी निघाली आणि २०२० मध्ये एफडीएची मान्यता मिळाली. इथे क्ष-किरण थोडे का होईना लागतात, हे मात्र खरं. पण हॉस्पिटलात आधीपासून असलेलं फ्लुओरोस्कोपीचं यंत्र चालतं. डोकं विंड टनेलमधलं, उपयोग बालरुग्ण विभागात!

आता यावर हरकती घेतल्या जातील, आणि घ्यायलाच हव्यात. माझ्या रूम पार्टनरने पहिलीच हरकत घेतली, "हा गोऱ्यांचा आजार आहे, आपल्याकडे कुठे असतो?" बरीच वर्षं पुष्कळ डॉक्टरांनाही असंच वाटायचं. पण इंग्लंड-अमेरिकेत स्थायिक झालेल्या भारतीय वंशाच्या कुटुंबांवरून दहा हजार ते चाळीस हजार जन्मांमागे एक असा अंदाज मांडला गेलाय. आपल्या देशात जन्माला येणाऱ्या बाळांची संख्या बघता ही काही थोडी मुलं नाहीत. आपल्याकडे आजार नाही असं नव्हे, आपल्याकडे त्याचं नाव दुसरंच पडतं. वारंवार खोकला, वजन वाढत नाही, म्हणजे टीबी. नाहीतर दमा. नाहीतर कुपोषण. उपचार भलत्याचे चालू राहतात आणि शांत प्रदेशातल्या नळ्या एकेक करून बंद होत जातात.

दुसरी हरकत जास्त वजनदार आहे. जिथे आजार ओळखण्यासाठी लागणारी साधी घामाची चाचणी सगळीकडे होत नाही, तिथे फुप्फुसाचे रंगीत नकाशे काय कामाचे? घामातलं क्लोराइड मोजायची पद्धत १९५९ पासून रूढ आहे. दिल्लीच्या एम्सच्या डॉक्टरांनी २००२ मध्ये देशी साधनांनी ती करून दाखवली. मला ही हरकत मान्य आहे. आधी घाम, मग चित्र, हा क्रम बरोबरच आहे. पण मी झेनॉनचा लेसर गावोगावी बसवा असं म्हणतच नाहीये. म्हणूनच मी फूरिएच्या बाजूने आहे. जिथे एमआरआय आहे तिथे चित्रं घेण्याची एक पद्धत आणि एक सॉफ्टवेअर लागतं. आणि ज्या फुप्फुसात हवा असमान पोचते ते फक्त सिस्टिक फायब्रोसिसचंच असतं असं नाही. दमा आहे, चुलीच्या धुराने खराब झालेल्या छात्या आहेत, टीबी बरा झाल्यावर मागे राहिलेली इजा आहे. दुर्मिळ आजारासाठी शोधलेलं साधन आपल्याकडच्या अगदी नेहमीच्या आजारांना उपयोगी पडू शकतं.

तिसरी हरकत मी स्वतःच घेतो. चित्र दिसलं की आपण त्याच्यावर फार पटकन विश्वास ठेवतो. काळा ठिपका म्हणजे कायमची इजाच असं नाही. कधी तो कफाचा गोळा असतो, खोकला आला की जागा बदलतो. म्हणून एका दिवसाचं चित्र बघून निकाल लावायचा नसतो. फूरिएच्या पद्धतीत रजिस्ट्रेशन चुकलं तर हृदयाशेजारी, डायफ्रामपाशी खोटे ठिपके येऊ शकतात. आणि चित्र काढून पुढे काय, हाही प्रश्न आहेच. तीन औषधं एकत्र असलेली जी गोळी अमेरिकेत २०१९ मध्ये मंजूर झाली, तिची तिथली छापील किंमत तेव्हा वर्षाला तीन लाख डॉलरच्या वर होती. ज्या बापाला ती परवडत नाही त्याला चित्र दाखवून काय मिळणार? माझं उत्तर असं : छातीची फिजिओथेरपी, नेब्युलायझर, वेळेवर अँटिबायोटिक, पोषण हे तर हातात आहे. कुठली बाजू तुंबलीय, नेमाने उपचार केल्यावर ती मोकळी होतेय का, हे दिसलं तर त्या आईला रोज सकाळ-संध्याकाळ पोराची पाठ थोपटायला निदान कारण मिळेल. 'नॉर्मल आहे' असं ऐकून घरी जाणं आणि नंतर एकदम 'उशीर झाला' असं ऐकणं, यापेक्षा ते नक्कीच बरं.

म्हणून आपल्या कॉलेजला माझं एवढंच सांगणं आहे. फायनल इयरच्या प्रोजेक्टसाठी दर वर्षी तीच लाइन फॉलो करणारी गाडी आणि तीच अटेंडन्स सिस्टिम पुरे झाली. कॉम्प्युटरवाल्यांनी इमेज रजिस्ट्रेशन घ्यावं, इ अँड टीसीवाल्यांनी सिग्नल प्रोसेसिंग, इन्स्ट्रुमेंटेशनवाल्यांनी घामातलं क्लोराइड स्वस्तात मोजणारा सेन्सर. सरांना विनंती अशी की गाइड म्हणून एकदा तरी मेडिकल कॉलेजच्या छातीरोग विभागातल्या डॉक्टरांना बोलवावं. त्यांना आपलं गणित येत नाही, आपल्याला त्यांचे पेशंट दिसत नाहीत, आणि या दोघांच्या मधल्या फटीत मुलं श्वास घेतायत. पहिल्या वर्षी काही जमणार नाही हे मला माहीत आहे. पण दर वर्षी मागच्यांचं काम पुढच्यांनी उचललं तर चार-पाच बॅचमध्ये काहीतरी उभं राहील.

आणि हो, पाण्याचं काय झालं? या खेपेला आम्ही मीटर बघायला गेलोच नाही. मामांना हाताला धरून वर नेलं आणि शेवटच्या नळाखाली बादली ठेवून दहा मिनिटं उभं राहिलो. बादली कोरडी. मामा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी प्लंबर घेऊन आले.